पिस्तूल दुरुस्तीला आहे

प्लेन मान्येन, २५ जून १९६१, रविवार

आजपासून नवं आयुष्य. कॉलेज सोडल्याचा पश्चात्ताप नाही. फ्रेंचच्या मास्तरांना जे बोललो ते बरोबरच होतं. फक्त भर वर्गात, डस्टर हातात घेऊन बोलायला नको होतं.

थोरले काका वारल्यापासून त्यांचं नेमबाजीचं पिस्तूल कपाटात पडून आहे. जुनं, लांब नळीचं, एका वेळी एकच गोळी घेणारं. लायसन्स आता बाबांच्या नावावर. बाबा विकायला निघाले होते. मी सांगितलं, मी नेमबाज होणार, डिसेंबरात क्लबची स्पर्धा जिंकणार. बाबा म्हणाले, त्याआधी विमानतळावर जाऊन ये, माणसं घेतायत.

एकच दोष आहे. घोडा मागे ओढला की तिथे टिकत नाही, लगेच पडतो. नेम धरायच्या आतच कारभार आटोपतो. आई म्हणाली, तुझ्यासारखंच आहे.

२ जुलै, रविवार

बसने बेटाच्या मध्यावर, फिनिक्सला, बाबांच्या ओळखीच्या इंद्रदेवकाकांकडे गेलो. साखर कारखान्यात फिटर आहेत, रविवारी घरामागच्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करतात. पिस्तूल उघडून म्हणाले, घोड्याची खाच झिजलीय, नवा तुकडा घडवावा लागेल. पण हरणांच्या शिकारीचा हंगाम, साहेबलोकांच्या बंदुका आधी. पा त्राकासे, बलराम, काळजी करू नको, होईल.

मी ठणकावून सांगणार होतो की मला आत्ता पाहिजे. तेवढ्यात त्यांची मुलगी चहा घेऊन आली. चंद्रिका.

मी म्हटलं, सावकाश होऊ द्या.

९ जुलै, रविवार

पिस्तूल होतं तिथेच, फळीवर. चहाबरोबर गरम गातो-पिमा, म्हणजे मिरचीचे डाळवडे, चंद्रिकेने तळलेले. मिरची जबर. परक्या माणसासाठी कोणी एवढी मिरची चिरत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने विचारलं, पाणी देऊ का? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

१२ जुलै, बुधवार

सराव सुरू. पिस्तूल नाही म्हणून आईची इस्त्री हातात धरून हात सरळ. डोळ्यासमोर निशाण. निशाणाच्या जागी भलतंच कोणीतरी आलं आणि इस्त्री पायावर पडली.

उद्यापासून निखारे काढून घ्यायचे.

३० जुलै, रविवार

जाताना वाटेत क्युरपीपला बसच्या कंडक्टरशी भांडण. तो म्हणाला, सरकून बस. सांगण्याची एक पद्धत असते. उतरलो. पुढे पायी.

शेडमध्ये एक शिकारी साहेब ओरडत उभा होता. काकांनी त्याची बंदूक लगेच देऊन टाकली. मला त्याची कीव आली. काम झालं, आता बिचाऱ्याला परत यायला कारण काय?

काका मला म्हणाले, तुझंच मागे पडतंय रे. मी म्हटलं, घाई नाही. ते म्हणाले, असा शांत मुलगा पाहिला नाही. काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. म्हणजे घरात विषय निघालेला आहे.

१३ ऑगस्ट, रविवार

मोठा दिवस. निघताना काकांनी हातात साखरेचा पुडा ठेवला.

आपल्या लोकांत मुलीच्या बापाने साखर दिली म्हणजे काय, हे लिहायला नको. घरी येऊन पुडा आईसमोर ठेवला. आई म्हणाली, ऊसतोडीत कारखान्याच्या माणसांना साखर मिळते, ते वाटतात. गेल्या वर्षी हिरामावशीकडून आली तेव्हा तू कोणाशी लग्न केलंस?

मी म्हटलं, नारळ घेऊन त्यांच्याकडे जा. ती म्हणाली, लाज आणू नकोस. आणि पुडा डब्यात ओतला.

आईला रीतभात राहिलेली नाही.

२० ऑगस्ट, रविवार

नारळ मीच नेला. लाल फडक्यात, बसमध्ये मांडीवर. काकूंच्या हातात दिला आणि मान खाली घातली. अशा वेळी मुलाने बोलायचं नसतं. काकू म्हणाल्या, बरं झालं बाबा, पुदिना होताच घरात.

चटणी केली. जेवायला थांबवून घेतलं. चंद्रिकेने दोनदा वाढली. म्हणाली, तुमचाच नारळ, लाजता कशाला?

नारळ स्वीकारला, फोडला, वाटला. आता त्यांना मागे फिरता येणार नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

हंगाम संपत आला. फळीवर दोनच बंदुका. काकांनी माझं पिस्तूल खाली घेतलं. मी म्हटलं, काका, तुम्ही फार दमता, तब्येत सांभाळा. त्यांनी परत वर ठेवलं. थोडक्यात निभावलं.

२४ सप्टेंबर, रविवार

झालं. मी पोचायच्या आतच. घोडा टिकतो.

काकांनी शेडमागच्या मातीच्या ढिगावर डबा ठेवून गोळी झाडली. डबा उडाला. मग मी झाडली. ती अजून सापडलेली नाही.

काका म्हणाले, चला, तुझी खेप वाचली. चंद्रिका म्हणाली, एवढ्या लांबून यायचात, सुटलात. बोलताना सारखी फाटकाकडे बघत होती. भावना लपवायला माणूस असंच करतो. नवी साडीही नेसली होती. आणखी काय पुरावा हवा?

२७ सप्टेंबर, बुधवार

कानस आणली. खाच जराशी घासली. घोडा टिकला. काकांचं काम पक्कं, त्याचाच राग आला. आणखी घासली. आता टिकत नाही.

मन शांत आहे. रविवारी काकांना सरळ विचारायचं. वाक्य पाठ केलंय. आरशासमोर उत्तम येतं.

१ ऑक्टोबर, रविवार

काकांनी खाच उजेडात धरली. कानशीच्या खुणा दिसल्या. संपलो, असं वाटलं. ते म्हणाले, चाप हलका करायला गेलास ना? सगळी पोरं हेच करतात. जवळ बसवून तुकडा कसा घडवायचा ते शिकवलं. मी वाक्यासाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात ते म्हणाले, नीट बघून घे, यापुढे घरीच करायचं. शेड रिकामी करायचीय, चंद्रिकेच्या लग्नाच्या चुली इथे मांडू.

मुलगा पितों गावचा, सरकारी ऑफिसात. गेल्या रविवारी तू गेलास आणि ते आले, काका म्हणाले. त्याच्या बापाने चहा घेतला, मुलगी मागितली. इतके दिवस कोणी विचारतच नव्हतं रे. काकूला झोप नव्हती.

काकू म्हणाल्या, तुमच्याकडे केळी पुष्कळ, पंगतीची पानं तूच आण. तू घरचाच.

लग्नाला पाऊल ठेवणार नाही. पान तर एकही नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

पानं कापली. धुतली, पुसली, फाटकी वेगळी काढली. आई मदतीला आली, मी नको म्हटलं. ती गेली नाही. पहाटेच्या बसने न्यायची आहेत. कंडक्टर तोच असला तर गप्प बसायचं.

स्पर्धेला नाव दिलेलं नाही. पिस्तूल बाबांनी विकलं, चांगलं चालतं म्हणून लगेच गेलं. सोमवारपासून विमानतळावर सामान उचलायला जातो.

उद्या पंगतीला मात्र बसणार. लग्नाच्या पानात सात भाज्या असतात, सातही घेणार, दोनदा. पंगतीत वाढायला कोण असतं, ते काकूंना विचारायचं राहिलं.

बहुधा नवरी नसते.