बाबांची खडप आणि हलकी बॅटरी

२३ नोव्हें., रवि.
फिशफाइंडर (तळ नि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, यापुढे फि.फा.) एकदाचा पाण्यावर चालला. तासभरच. बॅटरी कॉम्प्युटरच्या जुन्या यूपीएसमधली, विटेसारखी जड. मागे ठेवली तर कयाकची, माझ्या वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीची, शेपटी बुडते, पुढे ठेवली तर मला पाय पसरता येत नाहीत. गाडीतून खाडीपर्यंत नेतानाच खांदा भरून आला. बाबांना घेऊन जायचंय, ते पुढे बसले की काय होणार?
बाबा काठावर खुर्चीत. आल्या आल्या, "लागली खडप?" म्हटलं, नाही.
आजारपणापासून उजवा हात उचलत नाहीत, पण पाण्याखालचा तो खडक डोक्यात पक्का. होडीवर जायचे तेव्हा तिथे तांबोशी मासा हमखास. मुंबईहून दादा फोनवर, "बाबांच्या मनातली आहे ती खडप. नादी लागू नकोस." बघू.

२५ नोव्हें.
बॅटरी संपली नव्हती, मग फि.फा. बंद का? घरी स्कूटरचा बल्ब लावला, पेटला की! रात्री वाचलं. या बॅटरीचं व्होल्टेज वापरू तसं उतरत जातं, आणि एका मर्यादेखाली फि.फा. चालत नाही. म्हणजे अर्धं वजन मी नुसतंच मिरवते आहे.

२९ नोव्हें.
वायफायच्या राउटरला असते ती छोटी बॅटरी लावली. एकदम हलकी. सेन्सर विहिरीत सोडला तर पडद्यावर मासेच मासे! बाबांना हाक मारली. काठी टेकत आले, पडदा पाहिला, वाकून विहिरीत पाहिलं. "बाय, हितं एक कासव हाय नि बेडूक. बाकीचे कुठनं आले?" हसता हसता ठसका लागला. किती दिवसांनी हसले.
जुनी वीट परत जोडली, ठिपके गायब. म्हणजे मासे नव्हेतच. छोटी बॅटरी आतल्या आत व्होल्टेज वाढवते, त्यातला विजेचा गोंगाटच पडद्यावर ठिपके होऊन दिसत असावा. असावा. नक्की कुणाला विचारू?

३ डिसें.
मारुती मंदिराजवळचं बॅटरीचं दुकान. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी. हातात घेतली तर रिकाम्या डब्यासारखी. "आत आहे ना काही?" दुकानदार हसला, "मॅडम, सगळे हेच विचारतात." जुना चार्जर हिला चालणार नाही म्हणाला. मोठी घ्यावी का छोटी? मोठी दिवसभर पुरेल, पण बाबा दिवसभर थोडेच बसणार आहेत. छोटी घेतली. नवा चार्जर नि फ्यूजही.

६ डिसें.
सकाळी घरी नव्या बॅटरीवर फि.फा. सुरू करून ठेवला. व्होल्टेजचा आकडा हलेचना. जेवणं झाली तरी जवळजवळ तेवढाच. चहाच्या वेळी पडदा एकदम काळा. ही थकत नाही, एकदम झोपतेच! म्हणजे किती उरली ते आकड्यावरून कळायचं नाही.
बाबा म्हणाले, "इशारा देत नाय, तर पाण्यात भरवसा काय?"
बरोबर आहे. घड्याळ लावायचं, अर्ध्या वेळात मागे फिरायचं.

१४ डिसें., रवि.
बाबा पुढे, लाइफ जॅकेट घालून. मी मागे. ओळखीची एक होडी सोबतीला. बॅटरी पाठीमागे डब्यात, आहे हेसुद्धा विसरले. कयाक सरळ बसली.
बाबा डाव्या हाताने दाखवत होते, मी वल्हवत होते. देवळाचा कळस टेकडीच्या उताराला टेकलासा दिसला तसे म्हणाले, "हळू." पडद्यावर तळ सपाट, सपाट… मग उठलाच. उंच, खडबडीत, आणि वर मासे. मी ओरडले, "बाबा, लागली!"
त्यांनी पडदा पाहिला. टेकडी पाहिली. नाही म्हणून मान हलवली.
"ही खडप तुझ्या काकाची. आपली तोंडाच्या भायेर."
खाडीच्या तोंडाबाहेर म्हणजे उघडा समुद्र. लाटा फुटताना इथूनही दिसत होत्या. घड्याळ वाजलं, मागे फिरले. काठावर उतरवताना माझा हात धरून ठेवला. "भायेर कधी जायचा?"
बॅटरी पुरेल. पण या कयाकमधून, बाबांना घेऊन… दादाला विचारलं तर तो नाहीच म्हणणार. आणि मी नाही म्हटलं तर…
जेवताना पुन्हा तेच विचारलं. म्हटलं, वारा बघून सांगते.
"वारा मी बघतो गो," म्हणाले.