सोनचंपा साडी कानबाई महोत्सव

६ जुलै १९९७, रविवार

झालं! शब्द देऊन आले. घरात आधी विचारायची पद्धतच नाही.

यंदा आपली खानदेशी घरदेवी कानबाई म्हणे मैदानावर बसणार. स्टेजवर! यांच्या मिलचे मालक बन्सीलालशेठ सगळं करणार — मांडव, लाइटिंग, बँड, वर ऑर्केस्ट्रा. नाव काय, तर मिलच्या साडीवरून ‘सोनचंपा साडी कानबाई महोत्सव’. सांगताना यांचा चेहरा इतका खुललेला की मला आधी वाटलं बढती मिळाली.

“अहो, आईंना विचारलंत का?”

“आई कशाला नाही म्हणेल? देवीचाच मान वाढतोय ना!”

“मग तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.”

या नादात वांगी करपली.

७ जुलै

सांगितलं एकदाचं. सासूबाई गवार निवडत होत्या. शेंगा संपल्यावर एवढंच म्हणाल्या, “तो शेठ घर येवो एकदाव. मंग दखू.”

१३ जुलै, रविवार

शेठ आले! सुरतेतला एवढा मोठा मिलवाला, आणि गाडी गल्लीत शिरेना, म्हणून नाक्यावरून चालत. आमची अख्खी लिंबायत वस्ती दारात उभी.

मी भांडायच्या तयारीत होते, पण माणूस वाईट नाही. खाटेवर ऐसपैस बसले, चहा दुसऱ्यांदा मागून घेतला. “देवी क्यां छे?” म्हणाले. सासूबाईंनी देव्हाऱ्यातला नारळ दाखवला. शेठ नारळाच्या मागे मूर्ती शोधायला लागले! मग मी सांगितलं, हाच नारळ. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंच्या ओटीत आलेला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यालाच डोळे, नथ, लुगडं लावतो आणि कानबाई बसते.

मग सासूबाईंनी तोंड उघडलं. “भाऊ, कानबाई घरनी देवी शे. तिना रोट भाऊबंदच खातस, भायेरना लोके नही. तुमी आमना कोन?”

शेठनी मांडीवर थाप मारली. “माजी, आपणे तो भाईबंध ज छीए ने!”

“भाईबंध?”

“भाईबंध! एकदम पाक्का!”

सासूबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “बरं.”

मला हसू आवरेना. गुजरातीत भाईबंध म्हणजे दोस्त. माझ्या शाळेतली पोरंसुद्धा एकमेकांना म्हणतात. आणि आमच्यात भाऊबंद म्हणजे एका कुळातले, एका सुतकातले! हे मात्र खूश — आई ‘बरं’ म्हणाली. मी गप्प बसले. मी कशाला बोलू? मला कुठे कुणी विचारलं होतं!

२७ जुलै

मिलचा पब्लिसिटीवाला नितीन येऊन गेला. मूळचा नागपूरचा. बोलतो असा की दम घ्यायची सोय नाही. देवीच्या मागे मिलचं मोठं बॅनर. देवीला सोनचंपाचीच साडी — पदरावरचं नाव फोटोत दिसलं पाहिजे. आणि नैवेद्याचे रोट बॉक्समध्ये घालून सगळ्या पाहुण्यांना वाटायचे. बॉक्सवर स्टिकर.

मी म्हटलं, “रोट वाटत नाहीत हो. घरच्यांनीच खायचे, दार लोटून.”

“काही हरकत नाही वहिनी, स्टेजवर दार लोटल्यासारखा सीन करू.”

देवा! मी पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाले.

तो गेल्यावर यांना म्हटलं, मोडून टाका हे. तर म्हणाले, “आणि सोमवारी मिलमध्ये कोणतं तोंड घेऊन जाऊ? शेठनी माझ्या शब्दावर पोस्टरं छापलीत. फोल्डिंग खात्यातून उचलून बाहेर टाकतील मला.” खोटं नाही ते. पण मग शब्द देताना अक्कल कुठे गेली होती?

राग येतो तो सासूबाईंचाही. नुसत्या देव्हाऱ्यापाशी बसून राहतात. नारळ पुसतात, परत ठेवतात. अहो, बोला ना! पोटचा पोरगा आहे, द्या एक ठेवून!

२ ऑगस्ट

पार पर्वत पाटियाच्या नाक्यापर्यंत पोस्टरं लागली. कानबाईच्या नावापेक्षा साडीचं नाव मोठं. आणि फोटोतली बाई कोण, देव जाणे. शाळेत बाकीच्या शिक्षिका विचारत होत्या, ही तुमची देवी का? लाज वाटली मला.

६ ऑगस्ट, बुधवार

रोटाचे गहू मोजले. घरातल्या, भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. सासूबाई नाव घेतात, मूठ टाकतात. योगराज, म्हणजे हे. मग आमचा लखन. लिंबायतातले चुलत दीर, धुळ्याचे, अमळनेरचे. आमचे सासरे वारले तरी त्यांच्या नावाशी त्या अजून जराशा थांबतातच.

मला वाटलं संपलं. तर त्यांनी आणखी एक मूठ घेतली. “बन्सीलाल.”

“आई! ते कसे काय?”

“भाईबंध शे म्हणना ना तो?”

हे दारात उभे होते. मला खूण केली — राहू दे, खूश आहे म्हातारी. मला खुदकन हसू आलं. आता वाटतं, हसायला नको होतं.

८ ऑगस्ट, नागपंचमी

सकाळी बातमी आली. शेठचे सख्खे काका गेले, इथेच, सुरतेत. म्हातारे होते, अंथरुणावरच होते.

दुपारी नितीन धावत आला. “काळजी नको, कार्यक्रम होणार! शेठ येणार नाहीत, मॅनेजरसाहेब दिवा लावतील.”

सासूबाई उठल्या. देव्हाऱ्यावर फडकं टाकलं.

“सुतक पडनं. औंदा कानबाई बसाव नही.”

नितीनला कळेचना. “सुतक शेठना आहे आजी, तुम्हाला कुठे?”

“तो आमना भाऊबंद शे. त्याना नावना गहू मोजेल शेतस.”

मग जे सुरू झालं! हे डोक्याला हात लावून बसले. “आई, गुजरातीत भाईबंध म्हणजे दोस्त गं! दोस्त!” गल्लीतली मंदा म्हणाली, चूकभूल देवी माफ करते. सासूबाई ऐकून घेत होत्या. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “मंग त्यानी येईसन सांगावं — मी तुमना कोनी नही. परवा बसाडसू. स्टेजवर बी बसाडसू.”

नितीन हसला. “एवढंच ना? एका वाक्याचं काम!”

९ ऑगस्ट, शनिवार

शेठ आले. फोनवर सांगतो म्हणाले नाहीत, स्वतः आले. पांढरे कपडे, दाढी न केलेली, मागच्या खेपेपेक्षा म्हातारे दिसत होते. नितीन मागून कुजबुजत होता, “बोली नाखो शेठ, फक्त एक ज वाक्य.”

सासूबाईंनी पाणी दिलं. शेठनी तांब्या हातातच धरला. समोर सुपात गहू होते. म्हणाले, “आ शेना घउं छे?”

यांनी सांगितलं. नावानिशी. आणि शेवटी मान खाली घालून, “एक मूठ तुमची आहे, शेठ.”

मग शेठ बोलायला लागले, सासूबाईंकडे बघत. काकांनीच त्यांना लहानपणी हाताला धरून सुरतेत आणलं होतं. काल स्मशानातून परतल्यावर घरातला पहिला प्रश्न मिलच्या हिश्श्याचा निघाला. सांगता सांगता त्यांनी बाहीने डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. शेठसाठी! मलाच खरं वाटेना.

तांब्या खाली ठेवून उठले. “माजी, सूतक पाळो.” नितीनकडे वळले. “बॅनर उतारी ले.”

यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. हे तसेच उभे. नोकरीचा विषयच निघाला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

चौरंग रिकामा. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नव्हती म्हणतात. सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत, पदर तोंडात धरून रडल्या. माझ्यानं बघवलं नाही.

१२ ऑगस्ट

शेठकडे काकांचं बेसणं होतं, म्हणजे दुखवट्याची बैठक. सासूबाई म्हणाल्या, जायलाच हवं. मी सोबत गेले. तिथे त्या शेठच्या आईजवळ बसल्या आणि बोलू लागल्या — अस्सल सुरती गुजराती, घडाघडा, सासरच्या-माहेरच्या सगळ्या गोष्टी!

येताना रिक्षात विचारलं, “आई, म्हणजे भाईबंधचा अर्थ तुम्हाला माहीत होता?”

त्या बाहेर बघत होत्या. “माले दोन्ही शब्द येतस. तो कोणता बोलना, ते त्याले ठरावनं व्हतं.”