बांधावरचे चतुर

३ सप्टेंबर, बुधवार
यांना घरी आणलं. ॲन्जिओप्लास्टी नीट झाली, एकच ब्लॉक निघाला. डॉ. म्हणाले, "वेळेत आणलंत." बारामतीहून काटेवाडीला येईपर्यंत गाडीत हे एक शब्दही बोलले नाहीत. मी घरात पाऊल टाकलं आणि आधी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. आनंदानंच. मग चहा केला. साखर टाकायची राहिली. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
गोळ्या वेळेवर, भूक बरी. चालायचं मात्र नाव नाही. दिवसभर खाटेवर, तोंड भिंतीकडं, हात छातीवर.
"दुखतंय का?"
"न्हाय."
"मग?"
"दुखंल."
इंदापूरच्या लग्नात अक्षता पडत होत्या आणि हे स्टेजपाशी कोसळले. कॅमेरा गळ्यातच. एवढी वर्षं लग्नांचे फोटो काढले, आता बॅग डोळ्यांसमोर नको. मला ती कपाटाच्या तळाशी सारायला लावली. पुण्याहून केतकीचा रोज फोन. "आई, बाबांना बाहेर काढ ना." कशी काढू? खाटेसकट?

१४ सप्टेंबर, रविवार
म्हटलं, मी चालायला लागले तर यांना लाज वाटेल. नाही वाटली. एकटीच शेजारच्या तात्यांच्या शेततळ्यापर्यंत गेले. बांधावर एका वाळक्या काडीच्या टोकाला चतुर बसलेला, लालभडक, पंख म्हणजे नुसती काच. मोबाईलमध्ये लाल ठिपका तेवढा आला. काय वाटलं कोण जाणे, घरी येऊन गुपचूप बॅग काढली आणि कॅमेरा घेऊन परत गेले.
आमच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो मीच काढते. पण तिथं कॅमेरा स्टँडवर आणि माणूस स्टुलावर. "हनुवटी वर, डोळे उघडे." चतुराला कोण सांगणार?
तात्या आले. "काय गं सुनंदा, तळ्याचं फोटू? सबसिडीचं काम हाय का?"
"नाही तात्या, चतुराचा काढतेय."
"त्येला कशाला फोटू?" मग जरा थांबून, "आन् घरी ह्यो कसा हाय?"
"बरे आहेत," म्हटलं. चतुर उडाला.

१५ सप्टेंबर, सोम.
धीर करून यांच्यापुढं कॅमेरा धरला. वाटलं, चिडतील. एकामागून एक सगळे फोटो पाहिले.
"गवत झकास आलंय," म्हणाले.
खरंच, सगळ्या फोटोंत गवताचं पातं न् पातं स्वच्छ आणि मागं लाल डाग. पण घरी आल्यापासून हे पहिल्यांदाच चेष्टेत बोलले. केतकीला लगेच फोन केला. तिला वाटलं काहीतरी झालंच.

१८ सप्टेंबर, गुरुवार
खाटेवरून हुकूम सुटायला लागलेत. "सावली पाडू नको त्याच्यावर. ऊन पाठीशी ठेव. उडाला तरी हलू नको, फिरून तिथंच यील."
"तुम्हाला काय माहीत?"
"लग्नातली पोरं न्हाईत का? स्टेजवरनं हाकलली की परत तिथंच."
आणि खरंच आला! तीनदा उडाला, तीनदा त्याच काडीवर. दम धरून बटण दाबलं. पंखांवरच्या रेघासुद्धा दिसल्या. पळत घरी.
हे म्हणाले, "डोळा शार्प न्हाय. डोळा शार्प पाहिजे. नवरी असू दे न्हाईतर किडा."
मग, "किती जवळ गेलतीस?" हे विचारायला उठून बसले.

२१ सप्टेंबर, रवि.
आज हे अंगणाच्या कडेपर्यंत आले. लिंबाच्या पानावर उड्या मारणारा कोळी, डाळीच्या दाण्याएवढा. मान वळवून आमच्याकडंच बघतोय असं वाटलं. यांनी फांदी धरली, मी फोटो काढत होते. फांदी थरथरत होती. वारा नव्हता. मी वर बघितलं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
अजून हात गार आहेत, तरी लिहिते.
सकाळी भाकरी टाकत होते. बाहेर आले तर खाट रिकामी. चपला नाहीत. मोबाईल उशाशी तसाच. हाका मारल्या. उसाच्या सरीत पाहिलं, रस्त्यावर पाहिलं. मग तळ्याकडं पळत सुटले.
बांधावर पालथे पडलेले. पाय लांब, एक चप्पल सुटून बाजूला.
पुढचं नीट आठवत नाही. "अहो!" म्हणून जे ओरडले ते कालव्यापलीकडं गेलं असेल.
"ओरडू नको, उडंल."
मी मटकन चिखलात बसले. हे तसेच पालथे, कोपरं जमिनीला टेकलेली, डोळ्याला कॅमेरा. बटणाचा आवाज आला. मग मान वळवली, हनुवटीला माती. मी पाठीत दोन धपाटे घातले. चांगले जोरात.
तात्या खोरं घेऊन धावत आले. "काय झालं वं?"
"कायबी न्हाय तात्या, फोटू काढतुया."
"पडून?"
फोटो बघितला. निळी टाचणी, चतुराची बारकी बहीण म्हणावी अशी, पंख पाठीवर मिटलेले. डोळ्यावर दवाचा थेंब. डोळा शार्प.
"हुबं राहिलं की हात थरथरतो," हे म्हणाले. "कोपर टेकलं की न्हाय थरथरत."
संध्याकाळी आपणहून बोलले. "त्या दिवशी पडलो तवा वाटलं, संपलं. आज मुद्दाम आडवा झालो. बघावं म्हटलं, उठता येतंय का."
 सकाळची करपलेली भाकरी दोघांनी वाटून खाल्ली.

२ ऑक्टोबर, गुरु.
तपासणी. सगळं ठीक! डॉ.नी विचारलं, "चालतात ना रोज?" म्हटलं, "चालतात कमी, लोळतात जास्त." यांनी फोटो दाखवले. बाहेरचे पेशंट खोळंबले तरी डॉ. बघतच होते. हलकं काम हळूहळू चालेल, जड बॅग नको, जागरण नको. परत येताना अंगावरून पोतं उतरल्यासारखं. गाडीत मला झोप लागली. घर आल्यावर यांनी उठवलं.

७ ऑक्टो.
वरकुट्याहून लग्नाच्या फोटोंसाठी फोन, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरलीय. यांनी सगळं ऐकून घेतलं. "कळवतो." मग बराच वेळ लेन्स पुसत बसले. काय ठरवलं, विचारलं नाही. लग्न म्हटलं की स्टेज आलं, गर्दी आली, तेच सगळं. मला हो म्हणवत नाही, नको म्हणवत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी दोघं तळ्यावर. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मोठा चतुर, यापूर्वी न दिसलेला. हे इंच इंच सरकत पुढं गेले, पालथे झाले. तेवढ्यात माझ्याजवळच्या यांच्या मोबाईलवर वरकुट्याचा फोन. आवाज होऊ नये म्हणून मी पटकन उचलला.
"भाऊ हायत का? आज कायतरी ठरवावं लागंल, घरचं इचारत्यात."
यांच्याकडं बघितलं. श्वास रोखून धरलेला, बोट बटणावर. मान हलली नाही, खूण नाही.
यांना घरी आणल्यापासून फोनवर सगळ्यांना "बरं नाही त्यांना" हेच सांगत आले. आज तोंडातून निघून गेलं,
"ते कामात आहेत. थोड्या वेळानं करा."