सोमवारच्या दोन तासांपुरते नाते सोडण्याबाबत

दिनांक : १२ ऑक्टोबर, शनिवार

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मुख्य रुग्णालय, पहिला मजला.

विषय : सोमवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत अर्जदारास एमआरआय विभागात ट्रॉली ढकलू देण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांस आलेली तीन उत्तरे (तिन्ही नकारार्थी).

महोदय,

१. अर्जदार या रुग्णालयात एकवीस वर्षे रुग्णवाहक आहे. त्यातली शेवटची नऊ वर्षे त्याने एमआरआयच्या दारात काढली. विभागात त्याला सगळे मामा म्हणतात, त्याच्याहून वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. गेल्या महिन्याच्या वीस तारखेपासून त्याची बदली तळघरातील अभिलेख कक्षात झाली असून जुन्या केसपेपरांचे गठ्ठे एका मांडणीवरून दुसऱ्या मांडणीवर ठेवण्याचे काम तो करतो. त्याबद्दल त्याची तक्रार नाही. तक्रार त्याच्या थोरल्या बहिणीच्या जिवाची आहे.

२. सदर बहीण (यापुढे 'आक्का') वॉर्ड क्रमांक सहा, खाट अकरा येथे दाखल आहे. जिन्यावरून पडून तिच्या मानेच्या मणक्याला मार बसला आहे. सोमवारी साडेनऊ वाजता तिचा एमआरआय आहे आणि तो पाहिल्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत, त्यामुळे तारीख पुढे ढकलण्यात अर्थ नाही. तिला उठता येत नाही. ती ट्रॉलीवरूनच जाणार. कोणत्या ट्रॉलीवरून, एवढाच प्रश्न आहे.

३. साहेबांस ठाऊक आहेच, परंतु फाइलीत यावे म्हणून नमूद केले आहे की त्या यंत्राचे चुंबक कधीही बंद नसते. तपासणी चालू असो वा नसो, विभागाला कुलूप असो, ते आपले काम करीतच असते. उंबरठ्याच्या आत गेलेले लोखंड ते ओढून घेते, आणि त्या लोखंडावर माणूस निजलेला असेल तर त्यालाही. म्हणून आत नेण्यासाठी विभागाकडे बिनलोखंडी अशी एकच ट्रॉली आहे. उरलेल्या चार लोखंडी आहेत. नियम असा की रुग्ण लोखंडी ट्रॉलीवरून दारापुढच्या पिवळ्या रेघेपर्यंत यावा व तेथे त्याला आतल्या ट्रॉलीवर घ्यावे. त्यासाठी सरकवायची फळी आणि तीन माणसे लागतात. फळी दीड वर्षापूर्वी तडकली, ती अद्याप दुरुस्तीस गेलेली आहे. तिघांपैकी एक जण निवृत्त झाला, त्याची जागा रिक्त आहे. राहिलेल्या दोघांनी चादरीची टोके धरून माणसे उचलली आणि कंबरेची वाट लावून घेतली.

४. येथे अर्जदारास स्वतःची चूक कबूल करायची आहे. उचलाउचल टाळण्यासाठी आतली ट्रॉलीच थेट वॉर्डात न्यायची आणि रुग्णाला खाटेवरून घेऊन तशीच आत न्यायची, ही पद्धत त्याने पाडली. सर्वांना ती सोयीची वाटली. पाचही ट्रॉल्या त्यामुळे वॉर्डावॉर्डांत मिसळू लागल्या, पण त्या ट्रॉलीचे पुढचे डावे चाक कुरकुरत असे आणि अर्जदार ती कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकावरून ओळखत असे. तंत्रज्ञ बाई विचारीत, "मामा, हीच ना?" तो म्हणे, "हीच." तिच्यावरचे 'बिनलोखंडी' हे लेबल पुसट झाल्यावर त्यांनी एकदा सांगितलेही, "मामा, हिच्यावर ठसठशीत खूण करून ठेवा. तुम्ही रजेवर गेलात की आमची पंचाईत होते." त्यावर अर्जदार म्हणाला होता, "मी रजा घेतो कुठे?" हे उत्तर त्याला तेव्हा फार आवडले होते. आता त्याची लाज वाटते.

५. ऑगस्टमध्ये तपासणी समिती येणार म्हणून पाचही ट्रॉल्यांना एकसारखा राखाडी रंग देण्यात आला. उरलेसुरले लेबल रंगाखाली गेले. चाकांना वंगण घातले गेले आणि कुरकुर थांबली. समितीने 'उत्तम' असा शेरा दिला. रिकामी ट्रॉली वजनावरून ओळखता येते, परंतु माणूस निजल्यावर नाही. अर्जदाराने तिच्या दांडीला लाल कापड बांधले, ते जंतुसंसर्ग नियंत्रणाच्या फेरीत काढून टाकले गेले. मग पिवळ्या रेघेपाशी एक छोटे चुंबक टांगावे, म्हणजे कोणालाही ट्रॉलीला लावून पाहता येईल, असा त्याने पहिला अर्ज केला. खरेदी शाखेचे उत्तर आले की एमआरआयच्या परिसरात चुंबक नेण्यास सक्त मनाई असल्याने मागणी अमान्य करण्यात येत आहे. अर्जदाराने ते दोनदा वाचले. शेवटी त्याने किल्लीने दांडीवर फुली कोरली. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाबद्दल त्याला समज देण्यात आली, फुलीवर पुन्हा रंग चढला, आणि त्याची रवानगी तळघरात झाली.

६. या महिन्याच्या तीन तारखेला त्याच्या जागी आलेला कंत्राटी माणूस जेवणाच्या सुटीत तळघरात येऊन बसला. डबा त्याने उघडलाच नाही. म्हणाला, "मामा, ट्रॉली हातातून ओढली हो कुणीतरी." उंबरठ्यावर पुढची चाके जमिनीवरून उचलली गेली होती. तंत्रज्ञ बाई ओरडत धावल्या, तिघांनी मागून धरून ती कशीबशी बाहेर काढली. ट्रॉली रिकामी होती म्हणून निभावले. नोंदवहीत त्या दिवशी 'निरंक' असे आहे. दुसऱ्या अर्जास उत्तर आले की कोणासही इजा न झाल्याने सदर बाब 'घटना' या व्याख्येत बसत नाही, घटना घडल्यास विहित नमुन्यात कळवावे. अर्जदाराने विहित नमुना आणून पाहिला. त्यात रुग्णाच्या नावासाठी एक ओळ कोरी आहे. त्या ओळीकडे पाहिल्यापासून त्याला जेवण जात नाही.

७. सोमवारी आक्काला आपण स्वतः न्यावे, एवढीच तिसऱ्या अर्जातली विनंती होती. दांडीवर बोटाचे पेर वाजवून ट्रॉली कोणती ते अर्जदारास अजूनही सांगता येते. हे त्याने कंत्राटी माणसाला शिकवलेही, पण दुसऱ्याच आठवड्यात त्या माणसाने काम सोडले. सध्या जे आहेत त्यांना अर्जदाराने पाहिलेले नाही. आस्थापना शाखेने कळवले की रक्ताच्या नात्यातील रुग्ण हलवण्यास कर्मचाऱ्यास मनाई आहे, कारण भावनेच्या भरात हात चुकतो. नियम रास्त आहे. त्यात आडवे येते ते केवळ नाते. सबब अर्जदार सोमवारी सकाळी नऊ ते अकरा या दोन तासांपुरते सदर रुग्णाशी असलेले भावाचे नाते सोडण्यास लेखी संमती देत आहे. आक्काला त्याने हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "दोनच तास ना? मग आण इकडे कागद. लहानपणी शाळेच्या वाटेवर मला किती वेळा सोडून पळालास, तेव्हा कुणाची संमती घेतली होतीस?" तिने निजल्या निजल्या सही केली, म्हणून ती वाकडी आहे. ती खोटी समजू नये.

८. हा अर्ज देण्यापूर्वी चौकशी केली असता आवक लिपिकांनी सांगितले की उद्या रविवार असल्याने तो सोमवारी नोंदवून साहेबांपुढे मंगळवारी ठेवला जाईल. अर्जदाराने त्यांना तपासणी सोमवारी असल्याचे सांगितले. ते म्हणाले, "मग अर्ज शुक्रवारी द्यायचा होता." शुक्रवारी तिसऱ्या अर्जाचे उत्तर यायचे होते, ते कचेरी सुटताना आले.

त्यामुळे अर्जाची एक प्रत साहेबांच्या केबिनच्या दाराखालून सरकवली आहे. दुसरी आक्काच्या उशाखाली आहे. सोमवारी जे कोणी न्यायला येतील त्यांना ती देऊन "ट्रॉली तपासली का?" असे विचारायचे तिने कबूल केले आहे. ते "हो" म्हणतील. आक्काच्या गळ्याला पट्टा आहे, मान वळवण्यास डॉक्टरांची मनाई आहे. तिला छत तेवढे दिसते.

आपल्या एका ओळीच्या आदेशाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,

(सही)
रुग्णवाहक, सध्या अभिलेख कक्ष, तळघर

सोबत :
१) तीन अर्ज व तीन उत्तरे यांच्या प्रती.
२) नाते सोडल्याचे संमतिपत्र, उभयतांच्या सह्यांनिशी.
३) घटना कळवण्याचा विहित नमुना, कोरा. तो कोराच परत मिळावा.