लाल धाग्याची तीन फुलं

आई, एक कोडं तुझ्यापुढे ठेवते. काम करणाऱ्या प्रत्येकाने ते कधी ना कधी पाहिलेलं असतं. काम तेच, पगार तोच, छप्परही एकच. तरी एका टेबलावरची माणसं पाच वाजायची वाट बघतात आणि शेजारच्या टेबलावरची हातातलं संपवल्याशिवाय उठत नाहीत. असं का? उत्तर मी पुस्तकांत बरंच शोधलं. तू ते आष्टीजवळच्या कापसाच्या बीजोत्पादन प्लॉटवर रोज धाग्याने बांधत होतीस.

ती पद्धत मला पायरीपायरीने आठवते. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी निवडायची, नखाने सोलून आतले सगळे पुंकेसर काढायचे. एक जरी राहिला तरी फूल स्वतःच्याच परागाने फळतं आणि संकर बिघडतो. दुसऱ्या सकाळी नर वाणाच्या फुलाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून देठाला धागा बांधायचा. आधी सगळ्या प्लॉटवर धागा एकाच रंगाचा असे. तू मुकादम झालीस आणि प्रत्येक बाईला तिचा रंग दिलास. तुझा लाल; कॉलेजच्या सुट्टीत कामाला आलेल्या माझा हिरवा.

तपासणीचा दिवस. बियाणं कंपनीचे साहेब रांगेत वाकले आहेत. लाल धाग्याच्या तीन फुलांत पुंकेसर तसेच आहेत. प्लॉट नापास झाला तर सगळ्यांचीच मेहनत वाया. तू एका धाग्याची गाठ बोटाने चाचपतेस आणि म्हणतेस, "माझीच चूक हाय, साहेब. आजच सगळ्या रांगा पुन्हा बघतो आम्ही."

साहेबांची पाठ फिरताच शेजारच्या रांगेतली मावशी म्हणाली, "मुकादमीणबाईचं नख बी चुकतंय म्हणायचं. आता आमाला बोलायची सोय न्हाई ऱ्हायली तुला."

"न्हाई बोलत. तू उद्यापासून ह्या पोरीच्या बाजूला उभी ऱ्हाय. तुझं नख साफ चालतं, तिला दाखव."

मावशीने आठ दिवस माझा अंगठा धरून शिकवलं. मग एका सकाळी तू सगळ्यांना थांबवलंस. "हा हिरवा धागा बघा. सबंध रांगेत एक केसर न्हाई ऱ्हायलं." इतकंच. त्या दुपारी मला जेवायला तीनदा हाका माराव्या लागल्या.

आज जालन्यात बियाणं तपासणीची प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. बियाण्याची उगवण मोजण्यात आमच्या एका तंत्रज्ञाचा हात कुणी धरू शकत नाही. बदनापूरहून रोज येतो. गेल्या महिन्यात त्याने राजीनामा समोर ठेवला. "पगाराचं न्हाई, मॅडम. चुकलो की माझं नाव येतं, बराबर केलं की लॅबचं. मंग मी कशासाठी एवढं जीव लावून करून राह्यलो?"

तुझी लेक असून मला हे ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ट्रेवर मोजणाऱ्याचं नाव आलं. नुसतं नाव लावून थांबले असते तर त्याचा धाकच झाला असता. तू धाग्याशेजारी मावशी उभी केली होतीस. म्हणून नव्या मुलींना शिकवायचं काम मी त्याच्याकडे दिलं, आणि एका चहाच्या वेळी त्याने वेगळी काढलेली विकृत मुळांची रोपं मी सर्वांना दाखवली, ती दुसऱ्या कुणाच्या नजरेतून का सुटली असती तेही समजावून सांगितलं. मोघम कौतुक विरून जातं. नेमक्या कौतुकाला माणूस जागतो. काल त्याने राजीनामा परत मागून नेला. तुझी पद्धत आहे, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगते.

नव्या माणसांना मी एक साधी चाचणी देते. शेजाऱ्याने या आठवड्यात चांगलं केलेलं एकच काम एका ओळीत लिहा. 'मेहनती आहे' चालणार नाही. नेमकं कोणतं काम, ते लिहा. ओळ सुचली नाही, तर आपलं बघणं कमी पडलं. सुचली, तर आजच त्याला वाचून दाखवा. तुझ्यासाठीची ओळ मी आज लिहिते आहे. वाचून दाखवायला फार उशीर झाला, म्हणून हे पान माझ्या नोंदवहीतच राहील. त्या तीन फुलांना तुझा लाल धागा मी बांधला होता, माझी चूक लपवायला. गाठ कुणाची ते तू ओळखलंस, आणि तरी म्हणालीस, माझीच चूक हाय.