आतली कडी

पारूआक्का,

तू झोपलेलीस म्हणून उठवलं न्हाय. कारखान्यात टॉवेल शिवायला जाते, पाचला येते. भाकरी झाकून ठेवलीय. खाल्ल्यावरच गोळी घे.

काल जाताना मी बाहेरून कडी घातली. तुला कोंडायचं मनात नव्हतं गं. येड्यांच्या दवाखान्यात नऊ वर्षं आपण तेच बघितलं, जो बाहेर पडेल तो कडी घालणार. माझा हात आपोआप गेला. तू दुपारभर दार वाजवत बसलीस, शेवटी घरमालकानं कडी काढली अन् ही खोली बघून देणाऱ्या संस्थेच्या कीर्तीताईंना फोन केला. तवापासनं तू माझ्याशी बोलली न्हाईस, ते लई लागलं.

ताई आज अकराला येणार हायत. आपल्या दोघींना हितं राहायला जमतंय का परत दवाखान्यात न्यायचं, ते बघणार. मी मुद्दाम थांबत न्हाय, माझ्यासमोर तुला बोलता येणार न्हाय. कडीचं खोटं सांगू नकोस. मला नेलं तरी तू खोली सोडू नको. तुला चांगलं जमतंय की.

दार नुसतं ओढून घेतलंय. हे वाचलंस की कडी आतून लाव. संध्याकाळी मी हाक मारीन. उघडायचं का न्हाय, ते तुझं तू ठरव.

शिवलीला