श्रीरंगच्या हातची घागर

किन्हीराजा,
अखजीचा दिवस (अक्षय तृतीया)

प्रिय दादा,

तू गेल्यानंतरची ही पहिली अखजी. सकाळी पितरांच्या पूजेत तुझ्या नावाने घागर भरली आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कोणाशी बोलू? म्हणून तुलाच लिहायला बसलो.

बाजारातून आणलेली घागर ऐन पूजेत पाझरायला लागली. वहिनी आत गेली आणि दुसरी घेऊन आली. मी ती भरली, एक थेंब गळला नाही. आपले नामाकाका जेवायला आलेले होते. त्यांनी विचारलं, "कोन्या कुंभाराची घागर व्हय?"

"श्रीरंगच्या हातची हाये," वहिनी म्हणाली.

तुझ्या मुलाच्या हातची, दादा. अठरा वर्षांचा झाला. म्हणतो, "मले चाकावरच बसायचं हाये काका, वावर तुमी करा."

नामाकाका उखडले. "कुणब्याचं पोर माती कालवते? उद्या त्याले पोरगी कोन देईन? तू काहून चूप हायेस?"

मी चूपच राहिलो. गप्प बसायला हवं होतं तेव्हा मात्र बोललो होतो. आठवतं? तू सखाराम कुंभाराकडे लपून जायचास, माझ्यासाठी मातीचे बैल आणायचास. आबांनी मला तुझ्याबद्दल विचारलं, "बापू दुपारचा कुठी जाते?" मी सांगून टाकलं, कुंभारवाड्यात. आबांनी तुझ्या हाती पेरणीची तिफण दिली आणि महिनाभरात लग्न लावून दिलं.

तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. रागवायचं तरी होतंस ना रे! वीस वर्षं वावरात राबलास, पण धुऱ्याच्या बांधावर टेकलास की बोटं ओल्या मातीचा गोळा वळत राहायची. ते दिसलं की मी दुसरीकडे बघायचो.

स्वराज्य येऊन दहा वर्षं होत आली. तरी आपल्या पोराने काय करावं, हे गावानेच ठरवायचं का?

आत्ता श्रीरंग ओट्यावर बसलाय, माझ्या हो-नाहीची वाट बघत. नुसता पाय हलवतोय, अगदी तुझ्यासारखा.

दादा, तुला शब्द देतो. उद्या नारळ घेऊन मी स्वतः त्याला म्हाताऱ्या सखारामकडे नेईन, रीतसर शिकव म्हणेन. वाटेत नामाकाका भेटतीलच. विचारतील, पोराले कुठी नेऊन राह्यला? तेव्हा आबांना दिलं होतं तेच उत्तर देईन, पण या खेपेला मोठ्याने. कुंभारवाड्यात.

तुझा धाकटा,
गोविंदा